पऱ्हाटीचे दोन भारे

कडूबा शेजूळनं मोबाइल पुढं केला तेव्हा द्वारकाबाई ओसरीवर हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. मोबाइलवर एका लाल, बसक्या यंत्राचा फोटो होता. एका बाजूला घमेल्यासारखं पसरट तोंड आणि वरून वाकडी नळी.

"हे काय?"

"झाडाच्या फांद्या बारीक करायचं मशीन. चिपर म्हणत्यात. ट्रॅक्टरच्या मागं जोडायचं, ट्रॅक्टरच्याच ताकदीवर चालतं. चिकलठाण्याला एक जण विकू राहिलाय. जुनं हाय, पण चालू हाय."

"आपल्याला काहून? आपल्या बांधावर फांद्याच किती?"

"फांद्या नाय. पऱ्हाटी."

द्वारकाबाईचा सोलता हात थांबला.

ते २०१८ साल होतं, माघ महिना. गंगापूरपासून दोन कोसांवर शेजुळांची सहा एकर जमीन, आणि त्यातल्या चार एकरांत कापूस. हंगामात बोंडअळीनं निम्मी बोंडं आतून पोखरून खाल्ली होती. मग कृषी सहायक गावात आला आणि पारावर सगळ्यांना सांगून गेला की शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उरलेली झाडं, वावरात उभी ठेवू नका, घराजवळ गंजीसुद्धा ठेवू नका. वाळक्या बोंडात अळी लपून बसते आणि पुढच्या पेऱ्याला बाहेर येते. बारीक करा, शेणात कुजवा. लोकांनी ऐकून घेतलं आणि काडी लावली. चार दिवस गाव धुरात होतं. कडूबानं एका साली पऱ्हाटी पेटवून पाहिली होती, पण त्या काळ्या पडलेल्या वावरात त्याला नांगर घालू वाटेना. तेव्हापासून त्यानं काडी लावली नाही.

आणि द्वारकाबाईची तर गंजी होती. घराच्या मागं, पुरुषभर उंच, तीन सालांची.

पूर्वी ती गंजी कधी साल पार करायची नाही. माघ लागला की गल्लीतल्या आठ-दहा बाया लोखंडी चिमटे घेऊन वावरात उतरायच्या. पऱ्हाटीच्या बुडाशी चिमटा लावायचा, अंग मागं टाकायचं, की मुळासकट झाड वर. उपटलेल्यातली निम्मी पऱ्हाटी मालकाची, निम्मी उपटणारीची, असा रिवाज होता. साळूबाईचा हात सगळ्यांत चलाख. बाकीच्यांची एक ओळ व्हायच्या आत ती दोन ओळी उपटून बांधावर बसलेली असायची आणि मागं राहिलेल्यांना नावं ठेवायची. दुपारी पाल्यापाचोळ्यावर पऱ्हाटी पेटवून हरभऱ्याचे डहाळे भाजायचे. हुळा खाताना सगळ्यांची तोंडं काळी व्हायची आणि एकमेकींकडं बघून हसू थांबायचं नाही. दिवस कलला की भारे डोक्यावर घेऊन रांग गावाकडं निघायची. लांबून बाया दिसायच्याच नाहीत. नुसते भारे चालल्यासारखे वाटायचे.

मग घराघरात गॅस आला. पहिल्या साली उपटायला चौघी आल्या. दुसऱ्या साली साळूबाई एकटीच. पुढं तीसुद्धा बजाजनगरला लेकाकडं राहायला गेली, तिसऱ्या मजल्यावर. द्वारकाबाईनं रोजंदारीची माणसं लावून पऱ्हाटी उपटून घेतली आणि तरीही गंजी रचली. स्वतःच्या घरातही आता शेगडी होती. "हे जाळणार कोण?" असं कडूबानं विचारलं की ती म्हणायची, "असू द्या. इंधन हाय."

आता मात्र ती म्हणाली, "मशीन तुमी बघा. पण त्यात जायची ती पऱ्हाटी माझी हाय. मी येते संगं."

कडूबाला बरं वाटलं. ती 'नको' म्हणायलाच येत होती, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

पारखून बघायला माल पाहिजे म्हणून कडूबानं सकाळीच एक भारा वावरातनं ताजा उपटून बांधला. द्वारकाबाईनं दुसरा गंजीतनं काढला, चांगला वाळलेला, हाताला खडखड वाजणारा. दोन्ही भारे काळ्यापिवळ्या जीपच्या टपावर चढले. जीपवाला टपाकडं बघून म्हणाला, "मावशी, औरंगाबादेत इंधन संपलं का काय?" सगळी जीप हसली. द्वारकाबाईसुद्धा हसली, पण रस्ताभर एका हातानं खिडकीबाहेर लोंबणारं दोरीचं टोक धरून बसली.

शहरात उतरून त्यांनी मालाची रिक्षा केली आणि जालना रोडनं चिकलठाण्याला पोचले. कारखान्यांच्या मागच्या गल्लीत मशीन विकणाऱ्या नूरमोहम्मदचं घर होतं. पुढं पत्र्याचं फाटक, आत मोकळं आवार, आवारात ते लाल यंत्र. फोटोत दिसलं त्यापेक्षा ते जुनं होतं, पण त्यावर धुळीचा कण नव्हता. नळीचं तोंड गोणपाटानं बांधलेलं होतं, एखाद्या भरल्या रांजणाला बांधावं तसं.

नूरमोहम्मद साठी ओलांडलेला, उंच, जरासा वाकलेला माणूस. जवळच्याच एका कारखान्यात त्यानं तीस वर्षं फिटर म्हणून काढली होती. निवृत्त झाला तेव्हा हे मशीन घेतलं आणि कॉलन्यांमधल्या गुलमोहर-लिंबाच्या छाटलेल्या फांद्या बारीक करून द्यायचं काम सुरू केलं. त्याचा पुतण्या युसूफ ट्रॅक्टरवर पाण्याचा टँकर चालवायचा. आज त्यानं टँकर सोडून ट्रॅक्टर तासाभरासाठी आवारात आणून लावला होता.

"बसा, भाऊ. पानी घ्या," नूरमोहम्मद म्हणाला. "तुमचा ट्रॅक्टर किती ताकदीचा?"

"पस्तीस एचपी."

"चालेल. पण जाड लाकूड घालू नका. मनगटाएवढं बस. त्याच्यापुढं मशीनलाबी तकलीफ, ट्रॅक्टरलाबी. आन् काय घालणार यात?"

"पऱ्हाटी."

नूरमोहम्मदनं रिक्षातल्या भाऱ्यांकडं पाहिलं आणि डोकं खाजवलं. "आठ वर्षांत सगळं घातलं यात. पऱ्हाटी नाय घातली कधी. बघू."

त्याची बायको अमिना दारात उभी होती. ठेंगणी, गोल चेहऱ्याची. ती मशीनकडं बघतसुद्धा नव्हती. तिची नजर वाळलेल्या भाऱ्यावर होती. रिक्षावाल्यानं तो खाली टाकला तशी ती जवळ आली, एक काडी मोडून बघितली आणि द्वारकाबाईला म्हणाली, "ताई, हा भारा बी मशीनमधेच घालणार का?"

"त्यासाठीच आणलाय."

"सगळा?"

द्वारकाबाईला कळेना हिला काय पाहिजे.

"अंघोळीच्या पाण्याची चूल हाय माझी भिंतीला," अमिना म्हणाली. "पॅकिंगच्या खोक्यांची लाकडं जाळते तिच्यात. पऱ्हाटीवरची भाकर खाऊन मला पंधरा-वीस वर्षं झाली. थोडी द्या. आपण दोघी चार भाकरी टाकू, मर्दांना मशीन बघू दे."

द्वारकाबाईनं भाऱ्याची दोरी तिथंच सोडली.

इकडं नूरमोहम्मदनं ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा मशीनला जोडला, वरून जाळी लावली आणि कडूबाला हातभर मागं सरकवलं. "उपरणं काढा गळ्यातलं. हात या काठाच्या आत कधी जायचा नाय. काडी अडकली तर काडीनंच ढकलायची." ट्रॅक्टर सुरू झाला. मशीन आधी गुणगुणलं, मग त्याचा आवाज चढत गेला. कडूबानं ताज्या भाऱ्यातली पाच-सहा झाडं तोंडात सारली. आतल्या फिरत्या रुळानं ती चटकन ओढून घेतली आणि वरच्या नळीतनं हिरवट भुगा उडाला. कडूबाचा चेहरा उजळला. त्यानं आणखी घातली. मग आणखी.

चौथ्या की पाचव्या खेपेला आवाज बदलला. मशीन कण्हायला लागलं, ट्रॅक्टर दबला, आणि नळीतनं काहीच येईना. नूरमोहम्मदनं ट्रॅक्टर बंद केला आणि चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली. आतलं सगळं फिरायचं थांबेपर्यंत तो हात मागं बांधून उभा राहिला. मग झाकण उघडलं.

आतल्या रुळाला पऱ्हाटीची साल गुंडाळली होती. ओली, लांब, चिवट. एकावर एक इतकी की रूळ दिसत नव्हता.

अर्धा तास ते दोघं आकडी आणि सुरीनं ती साल सोडवत होते. झुबकेच्या झुबके बाहेर येत होते आणि जमिनीवर ढीग होत होता. शेवटी नूरमोहम्मदनं कपाळ पुसलं. "भाऊ, मी खोटं नाय बोलणार. हे फांद्यांचं मशीन हाय. तुमच्या कामाचं नाय. घेतलं तर रोज हेच करत बसाल."

कडूबा नळावर जाऊन हात धुवायला लागला, आणि बराच वेळ धूत राहिला.

भिंतीजवळ चूल पेटली होती. पऱ्हाटीचा जाळ तसा भडक असतो. चटकन लागतो, चटकन बसतो, सारखी घालत राहावी लागते. द्वारकाबाई चुलीपुढं बसून काड्या सारत होती आणि अमिना ज्वारीच्या भाकरी थापत होती. धूर आवारभर पसरला.

"तुमचं माहेर कुठलं?" द्वारकाबाईनं विचारलं.

"फुलंब्रीकडचं. बाप बांगड्या विकायचा. पण बहात्तरच्या दुष्काळात कोण घेतंय बांगड्या? सगळे खडी फोडायला गेलो. मी दहा वर्षांची."

"मी बारा," द्वारकाबाई म्हणाली. "आमच्याकडं नाल्याला बांध घालायचं काम होतं. मी मातीच्या पाट्या वाहायची."

"सुकडी मिळायची का?"

"मिळायची की. पिवळी, गोडसर. पहिल्यांदा लई ग्वाड लागली. मंग रोज रोज ती, तर नको वाटायची."

"मला नाय नको वाटली," अमिना म्हणाली. "मी ओढणीच्या टोकात बांधून घरी न्यायची, धाकट्या भावासाठी. मुकादमानं एकदा पकडलं. वाटलं मारतो. त्यानं आणखी एक मूठ घातली टोकात."

तिनं भाकर उलटली. द्वारकाबाईनं दोन काड्या पुढं सारल्या आणि जाळाकडं बघत म्हणाली, "खायला सुकडी तरी होती. चुलीत घालायला काडी नव्हती आमच्याकडं. त्या साली पऱ्हाटी उगवलीच नाय. आई कुंपणाचे काटे काढून जाळायची, आन् मंग एक दिवस तिनं खाटेचा पाय चुलीत घातला. मी बघत व्हते. तवापासून मला घराच्या मागं गंजी दिसली की बरं वाटतं. हे म्हणत्यात, कोण जाळणार? मला माहीत हाय कोणी जाळणार नाय. तरी पाहिजे."

हे तिनं कडूबालाही कधी सांगितलं नव्हतं. बाविसाव्या वर्षी ती या घरात आली होती, आणि इतक्या सालांत बोलायची वेळच आली नव्हती.

अमिना हसली नाही. म्हणाली, "माझ्या माळ्यावर कोळशाचं एक पोतं हाय. दोन सिलिंडर असून. पोरं चिडतात." मग जरा थांबून तिनं विचारलं, "गंजीत साप निघत असंल?"

"निघतो. मागच्या साली दोन निघाले."

"मग?"

द्वारकाबाईला एकदम हसू आलं. अमिनालाही आलं. दोघी तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की नूरमोहम्मदनं मान वळवून पाहिलं.

भाकरी आणि लसणाची चटणी घेऊन त्या मशीनजवळ आल्या. पुरुष खाली बसून खायला लागले. नूरमोहम्मदनं पहिला घास घेतला आणि दुसरी भाकर उचलली. द्वारकाबाई सालीच्या ढिगाजवळ टेकली. हाताला लागलं म्हणून तिनं एक झुबका उचलला, दोन पदर केले आणि तळहातांवर पीळ द्यायला लागली. अमिनानं दुसरं टोक धरलं आणि उलट्या बाजूला पीळ दिला. बघता बघता हातभर दोरी झाली, गुळगुळीत, हिरवट. भारा बांधायला वावरात याच दोऱ्या वळायच्या. दोघींच्याही हाताला ते अजून येत होतं.

दोरी वळता वळता द्वारकाबाई थांबली. तिनं चुलीजवळची एक वाळली काडी उचलली, साल ओढली. साल बोटभर निघाली आणि तुटली.

"अहो," ती कडूबाला म्हणाली, "ओल्याची दोरी व्हते. वाळल्याची कवा झाली का?"

कडूबा घास हातात धरून बघत राहिला.

"मशीन दोरीच वळू राहिलंय आत," ती म्हणाली. "वाळलेली घाला."

नूरमोहम्मद उठला. त्यानं तिच्या हातातली काडी घेतली, साल ओढून पाहिली, तुटली. पुन्हा ओढली, पुन्हा तुटली. "भाभी," तो म्हणाला, "तीस वर्षं मी मशीनसंग घातली. हे माझ्या ध्यानात नाय आलं."

उरलेला अर्धा भारा त्यांनी मशीनकडं नेला. अमिना मागनं म्हणाली, "माझ्या उद्याच्या भाकरी चालल्या." या वेळी द्वारकाबाईच घालायला पुढं झाली. नूरमोहम्मदनं तिला पदर कमरेला घट्ट खोचायला लावला, बांगड्या मागं सारायला लावल्या आणि स्वतः शेजारी उभा राहिला. वाळली पऱ्हाटी कडकड वाजत आत गेली. नळीतनं पिवळसर तुकडे गोणपाटावर पडत राहिले. भारा संपला तरी मशीनचा सूर तोच होता.

ट्रॅक्टर बंद झाल्यावर तिनं ओंजळभर तुकडे उचलले. ऊन लागलेल्या पऱ्हाटीचा तोच वास होता. कडूबा तिच्याकडं बघत होता. विचारायचं होतं ते त्याच्या तोंडावर होतं.

ती नूरमोहम्मदकडं वळली. "चांगलं चालू मशीन तुमी काहून विकू राहिले?"

नूरमोहम्मदनं छातीवर हात ठेवला. "डॉक्टर म्हणतो वजन उचलायचं नाय. युसूफला त्याच्या टँकरपासून फुरसत नाय. दोन गिऱ्हाइकं आली होती, परत लावली. एक वीटभट्टीवाला. त्यानं पाती बघितलीसुद्धा नाय, नुसतं विचारलं, दिवसाला किती टन. तो चार महिन्यांत भंगार करून टाकील." तो मशीनच्या झाकणावर हात फिरवत होता. "अमिनाला आवार मोकळं पाहिजे."

"मला आवार पाहिजे, व्हय," अमिना म्हणाली. "आन् हे रोज सकाळी उठून मशीन पुसतात ते बंद व्हायला पाहिजे. काम नसताना पुसतात. बघवत नाय मला."

वरून एक विमान खाली उतरत गेलं. त्याचा आवाज विरेपर्यंत सगळे थांबले.

"घ्या," द्वारकाबाई म्हणाली.

कडूबाला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय?"

"घ्या म्हणलं. उपटलेली महिनाभर उन्हात वाळू द्यायची, मंग घालायची. घरामागची गंजी आधी. पण पहिल्या दिवशी या दोघांनी यायचं. शिकवायला हे, आन् हुळा खायला या ताई."

भाव ठरायला वेळ लागला नाही. दोघांनाही घासाघीस करायची इच्छा उरली नव्हती.

आठ दिवसांनी युसूफ ट्रॅक्टरमागं मशीन घेऊन गंगापूरच्या रस्त्यानं आला. नूरमोहम्मद आणि अमिना एसटीनं आधीच पोचले होते. गंजी फोडायच्या आधी कडूबानं तिच्याभोवती काठी आपटत तीन फेऱ्या मारल्या. एक धामण निघाली आणि बांधाकडं गेली. मग काम सुरू झालं. नूरमोहम्मदनं वजन उचललं नाही, पण जागचा हललाही नाही. दर अर्ध्या तासानं मशीन बंद करायचा, पाती बोटानं चाचपायचा, तेल द्यायचा आणि कडूबालाही तेच करायला लावायचा. बांधावर अमिनाचं तोंड हुळ्यानं काळं झालं होतं आणि ते तिला कुणी सांगत नव्हतं.

दिवस कलायच्या आत गंजी संपली. तिच्या जागी पांढरट, भुसभुशीत जमीन उघडी पडली. तीन वर्षं तिला ऊन लागलं नव्हतं. द्वारकाबाईनं खराटा घेतला आणि ती सगळी जागा झाडून काढली. अमिना जवळ आली. तिनं दुसरा खराटा शोधला आणि दुसऱ्या टोकाकडून झाडायला लागली.

निघायच्या वेळी नूरमोहम्मद मशीनजवळ उभा राहिला. त्यानं खिशातनं फडकं काढलं, मग अमिनाकडं पाहिलं आणि फडकं कडूबाच्या हातात दिलं. "नळीचं तोंड गोणपाटानं बांधून ठेवा," एवढंच म्हणाला.

तुकड्यांत शेण आणि पाणी घालून कडूबानं बांधाला लांबट ढीग लावला. पाचव्या दिवशी सकाळी द्वारकाबाई चहा घेऊन तिकडं गेली तर ढिगातनं वाफ निघत होती. तिनं भीतभीतच हात आत घातला आणि चटकन काढला. आत चांगलं गरम होतं, राखेत ठेवलेल्या कढईसारखं. तिनं कडूबाला हाक मारली. मग घरात येऊन मोबाइलवर अमिनाचा नंबर लावून घेतला.

"ढीग तापलाय," ती म्हणाली. "हात ठिवता येत नाय."

"मग भाकर टाक त्याच्यावर," पलीकडून अमिना म्हणाली, आणि मागं नूरमोहम्मद सांगताना ऐकू आला की पात्यांना तेल दिलं का, ते विचार.

मृगाच्या आधी ढीग काळा, मोकळा झाला. चार एकरांना पुरण्याइतका तो नव्हताच. त्यांनी तो विहिरीजवळच्या एका एकरात पसरला आणि बाकीचं रान पुढच्या साली बघू म्हणून ठेवलं. साळूबाई जूनमध्ये दोन दिवस गावी आली, तेव्हा घरामागची मोकळी जागा बघून म्हणाली, "गंजी कुठं गेली गं?" द्वारकाबाई तिला वावरात घेऊन गेली, खाली वाकली आणि मूठभर माती उचलून तिच्या हातात दिली. साळूबाईनं ती बोटांनी कुस्करली, नाकाजवळ नेली. मग दोघी बांधावर बसल्या आणि कुणाचा भारा किती मोठा असायचा यावरून ऊन उतरेपर्यंत भांडत राहिल्या.